उत्तर न आलेली आज्ञा

लोणी काळभोरच्या राजबाग परिसरात विद्यापीठ आहे. तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आज पायथॉनच्या चार-पाच ओळींत दुसऱ्याच संगणकावरचं फंक्शन चालवता येतं. ‘पायरो’ किंवा ‘आरपायसी’सारखी छोटी लायब्ररी घ्यायची, की झालं. या सोयीमागचा खटाटोप किती जुना, हे पाहायला फार लांब जायला नको. याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातलं खोडद गाठलं तरी पुरे.

या सोयीची मूळ कल्पना 1976 ची. जेम्स व्हाइट यांनी ती अर्पानेट या संगणक-जाळ्यासाठी मांडली. 1984 मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांच्या निबंधाने ती रुळली. दोन्ही टोकांना ‘स्टब’ नावाचा एकेक छोटा प्रोग्रॅम. इकडचा मागणी बांधून पाठवतो. तिकडचा ती उलगडून काम करवून घेतो आणि उत्तर धाडतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मधली तार दिसतच नाही. हीच आरपीसी, म्हणजे ‘रिमोट प्रोसीजर कॉल’.

1980 च्याच दशकात खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या मनात खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आकार घेत होती. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, 14 मध्यभागी आणि 16 इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर, सुमारे 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रत्येकीच्या बुडाशी संगणक, आणि नियंत्रण कक्षातून ऑप्टिकल फायबरवरून त्याला आज्ञा. पुढे नूतनीकरणात नवी नियंत्रण व्यवस्था ‘टँगो’ या सॉफ्टवेअर चौकटीवर बेतली गेली. टँगो जन्मली फ्रान्समध्ये, ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉन केंद्रात. तिच्या तळाशी कोर्बा ही चांगलीच वजनदार आरपीसी आहे, आणि पायथॉनवाल्यांसाठी वर पायटँगो.

हलक्या आरपीसीची हौस पायथॉनवाल्यांना आधीपासूनच. इर्मेन डी याँग यांचं पायरो 1998 चं, एक्सएमएल-आरपीसीही त्याच वर्षीचं. 2001 च्या पायथॉन 2.2 पासून एक्सएमएल-आरपीसी भाषेसोबतच मिळू लागलं.

पण तार दिसत नाही म्हणून ती तुटत नाही, असं थोडंच आहे? समजा, ‘5 अंश पुढे फिर’ ही आज्ञा गेली, अँटेना फिरली आणि उत्तर मात्र वाटेत हरवलं. प्रोग्रॅम थोडी वाट पाहतो आणि तीच आज्ञा पुन्हा धाडतो. अँटेना 10 अंश सरकली! ‘45 अंशांवर जा’ म्हटलं असतं, तर दहादा पाठवूनही बिघडलं नसतं. दूरची वस्तू जवळची समजून वागू नका, असं सन मायक्रोसिस्टिम्सच्या जिम वॉल्डो आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्येच बजावलं होतं. नवशिक्यांचे धडे नेमके इथेच घाई करतात.

दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. राजबागेतल्या मुलांनी एकदा जाऊन यावं, आणि उत्तर न आलेल्या आज्ञेचं काय करता, हे तिथल्या अभियंत्यांना जरूर विचारावं.