सांत्वन आणि समुपदेशन

घरांत मृत्यु घडला म्हणजे शेजारपाजारचीं माणसें जमतात, समाधानाचे चार शब्द बोलतात, आणि काळच या दुःखावर औषध होईल असा भरंवसा देऊन आपापल्या उद्योगाला लागतात. हा प्रघात देशोदेशीं चालत आलेला आहे आणि बहुतेकांना तो पुरतोहि. परंतु ज्यांना तो पुरत नाहीं त्यांचें काय होतें, आणि त्यांच्यासाठीं अधिक कांहीं करतां येतें काय, हा प्रश्न वैद्यकशास्त्रानें फार उशिरां हातीं घेतला. तो हातीं घेण्यास जी घटना विशेषेंकरून कारण झाली, ती अमेरिकेंतील बोस्टन शहरीं १९४२ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत, २८ तारखेच्या रात्रीं घडली.

तो शनिवार होता. कोकोनट ग्रोव्ह नांवाच्या करमणूकगृहांत सुमारें हजार माणसें जमलीं होतीं. वास्तविक त्या जागेंत ४६० माणसांनाच परवानगी होती. महायुद्धाचे दिवस असल्यामुळें त्यांत सैनिकहि पुष्कळ होते. रात्रीं सव्वादहाच्या सुमारास तळघरांतील दालनांत आग लागली, आणि छताच्या कापडावरून व ताडाच्या कृत्रिम झाडांवरून कांहीं मिनिटांतच ती इमारतभर पसरली. दर्शनी दरवाजा फिरता होता. तो गर्दीच्या रेट्यानें अडकून बसला. बाजूचे कांहीं दरवाजे कुलूपबंद होते, तर कांहीं आंतल्या बाजूस उघडणारे असल्यामुळें माणसांच्या दाबाखालीं उघडलेच नाहींत. एकंदर ४९२ माणसें प्राणांस मुकलीं.

जखमींपैकीं कित्येकांना मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्यें आणण्यांत आलें. भाजलेल्या कातडीवरील उपचारांत तेथें पुष्कळ नवें कार्य झालें. परंतु जखमा भरत आल्या तरी कांहीं रोग्यांचें मन ताळ्यावर येत नाहीं, असें डॉक्टरांच्या लौकरच ध्यानांत आलें. ज्यांची पत्नी, भाऊ किंवा आईबाप त्याच आगींत गेले होते अशा या माणसांकडे मनोरोगविभागाचे प्रमुख स्टॅन्ले कॉब आणि त्यांचे सहकारी एरिख लिंडेमान यांनीं लक्ष पुरविलें. लिंडेमान हे जन्मानें जर्मन. १९२७ सालीं ते अमेरिकेंत आले होते.

त्या रोग्यांत बत्तीस वर्षांचा एक तरुण होता. आगींतून पत्नीला ओढून बाहेर काढण्याचा त्यानें प्रयत्न केला. पण तो बेशुद्ध पडला आणि गर्दीच्या लोटाबरोबर बाहेर ढकलला गेला. तो वांचला, ती गेली. त्याच्या जखमा किरकोळ होत्या, म्हणून त्याला घरीं जाऊं देण्यांत आलें. पुढें तो पुन्हां रुग्णालयांत आला तो अत्यंत अस्वस्थ होऊन. पत्नीला वांचवावयाचें किंवा तिच्याबरोबर मरावयाचें, यांपैकीं एकहि आपल्या हातून झालें नाहीं, या एकाच विचारानें त्याला ग्रासलें होतें. डॉक्टरांनीं त्याच्यावर उपचार केले, पण कांहीं दिवसांतच त्या तरुणानें आपल्या जीविताचा अंत केला. शरीराच्या जखमेपेक्षां न दिसणारी जखम अधिक प्राणघातक असूं शकते, हा धडा त्या रुग्णालयानें असा फार मोठें मोल देऊन घेतला.

दुसरें उदाहरण सतरा वर्षांच्या एका मुलीचें. तिचे आईवडील आणि प्रियकर, तिघेहि त्या रात्रीं गेले आणि ती स्वतःहि गंभीर भाजली. रुग्णालयांत ती हंसतमुख असे. धाकट्या दोन भावंडांना आतां आपणच आईबापांच्या ठिकाणीं आहों, असें म्हणून ती उत्साहानें घरीं गेली. पाहणारांनीं तिच्या धैर्याचें कौतुकच केलें असतें. परंतु सुमारें दहा आठवड्यांनीं तिचा बांध फुटला. रडणें अनावर झालें आणि आईबापांवांचून दुसरें कांहीं तिच्या मनांत येईना. जो शोक वेळेवर झाला नाहीं तो नाहींसा होत नाहीं, तो केवळ पुढें ढकलला जातो, हें या मुलीनें दाखवून दिलें.

अशा १०१ व्यक्तींच्या निरीक्षणावरून लिंडेमान यांनीं १९४४ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्या सर्वच व्यक्ति आगींतील नव्हत्या. रुग्णालयांत मरण पावलेल्यांचे आप्त आणि सैनिकांचे नातेवाईकहि त्यांत होते. शोकाचीं शारीरिक लक्षणें त्यांनीं प्रथमच इतक्या बारकाईनें नोंदलीं: वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकणारी दुःखाची लाट, घशांत आवंढा अडकल्यासारखें होणें, वारंवार येणारे उसासे, पोटांत रितें रितें वाटणें, त्याबरोबरच मृताची मूर्ति सतत डोळ्यांपुढें उभी राहणें, स्वतःला अपराधी मानणें, आणि भेटावयास आलेल्या स्नेह्यांचा विनाकारण राग येणें. आपल्याला वेड तर लागत नाहीं ना, अशी भीति यामुळें कित्येकांना वाटत असे. हें वेड नव्हे, हा शोकच आहे, एवढें जाणत्या माणसानें सांगितलें तरी त्यांचें अर्धें ओझें उतरे.

शोक हें एक कार्य आहे, ही कल्पना मूळची फ्रॉइड यांची. १९१७ सालच्या एका निबंधांत त्यांनीं ती मांडली होती. लिंडेमान यांनीं तिला व्यवहाराचें रूप दिलें. मृताच्या बंधनांतून मन सोडविणें, त्याच्यावांचूनच्या जगाशीं जुळवून घेणें आणि नवे संबंध जोडणें, असे त्या कार्याचे तीन भाग त्यांनीं मानले. चार ते सहा आठवड्यांत आठ-दहा भेटी झाल्या तरी बहुधा हें कार्य मार्गाला लागतें, असा त्यांचा अनुभव होता. त्या भेटींत उपदेश थोडा आणि ऐकणें फार. गेलेल्या माणसाविषयीं बोलूं द्यावयाचें, रडूं द्यावयाचें, आणि ज्या अपराधाच्या भावनेचा उच्चार करण्याचें धैर्य होत नाहीं तिला वाट करून द्यावयाची. सांत्वन करणारा दुःखावर पांघरूण घालूं पाहतो. समुपदेशक तें पांघरूण हळूच दूर करण्यास धीर देतो.

हें कार्य केवळ मनोरोगतज्ज्ञांनींच करावें असें लिंडेमान यांचें मत नव्हतें. धर्मोपदेशक आणि समाजसेवक यांचेंहि साहाय्य त्यांना हवें होतें. १९४८ सालीं बोस्टनजवळील वेलस्ली येथें त्यांनीं सामान्य नागरिकांसाठीं एक केंद्र सुरूं केलें. पुढें इंग्लंडांत १९५९ सालीं मार्गारेट टॉरी यांनीं विधवांच्या मदतीसाठीं क्रूझ ही संस्था स्थापन केली. जिच्या तेलाचें पात्र कधींच रितें झालें नाहीं अशा बायबलांतील एका विधवेच्या कथेवरून हें नांव घेतलेलें आहे. कालांतरानें या संस्थेचें साहाय्य सर्वच शोकग्रस्तांना मिळूं लागलें, आणि शिक्षण दिलेल्या स्वयंसेवकांच्या हातीं समुपदेशनाचें मोठें काम आलें.

नव्या शास्त्राला आपल्या कांहीं चुका सुधाराव्याहि लागल्या. मृताशीं असलेलें नातें तोडल्यावांचून शोक संपत नाहीं, हें मूळचें मत पुढें टिकलें नाहीं. गंमत अशी कीं, त्याच्याविरुद्ध पहिली साक्ष खुद्द फ्रॉइड यांचीच होती. त्यांची कन्या सोफी १९२० सालीं इन्फ्लुएंझानें वारली. नऊ वर्षांनीं तिच्या छत्तिसाव्या जन्मदिनीं, स्वतः पुत्रशोकांत असलेल्या एका मित्राला लिहितांना त्यांनीं कबूल केलें कीं, अशा माणसाची जागा कधींच भरून निघत नाहीं, आणि तसें होणें हेंच योग्य आहे. प्रेम चालूं ठेवण्याचा तोच एक मार्ग होय. १९९६ सालीं क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या संशोधकांनीं एका ग्रंथांत हाच विचार मांडला: निरोगी मन नातें तोडीत नाहीं, त्याचें रूप बदलतें. त्याचप्रमाणें १९६९ सालीं एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनीं सांगितलेल्या पांच अवस्था मूळांत मरणोन्मुख रोग्यांविषयींच्या होत्या. प्रत्येक शोकग्रस्तानें त्या पायऱ्या क्रमानें चढल्याच पाहिजेत, ही समजूत अनुभवाला उतरली नाहीं.

समुपदेशन सर्वांनाच हवें असतें असेंहि नाहीं. बहुतेक माणसें आप्तांच्या व स्नेह्यांच्या आधारानें स्वतःच सांवरतात. परंतु महिने लोटले तरी ज्यांचा शोक तसूभरहि हलत नाहीं आणि ज्यांचें जिणेंच थांबून राहतें, अशांची अवस्था ही स्वतंत्र उपचारास पात्र आहे, हें जागतिक आरोग्य संघटनेनेंहि मान्य केलें असून २०२२ सालापासून अंमलांत आलेल्या रोगांच्या वर्गीकरणांत तिला स्थान मिळालें आहे.

बोस्टनच्या त्या तरुणाला हें ज्ञान उपयोगी पडलें नाहीं. तें त्याच्या मृत्यूनंतर तयार झालें, आणि कांहीं अंशीं त्याच्या मृत्यूमुळेंच. स्वतःला दोषी ठरवून मुकाट बसलेल्या माणसाला "तें विसरून जा" असें न म्हणतां "त्या रात्रीं काय झालें तें सांग" असें म्हणावें, आणि त्याचें सांगून संपेपर्यंत तेथून उठूं नये, एवढीच या शास्त्राची शिकवण आहे. ती ऐकण्यास सोपी वाटते. परंतु दुसऱ्याच्या दुःखाजवळ स्वस्थ बसून राहणें हें माणसाला नेहमींच कठीण गेलेलें आहे.