आशा भोसले : संगीतकारबदल आणि आवाज

भोसले, आशा (जन्म ८ सप्टेंबर १९३३, सांगली). पार्श्वगायिका, मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या कन्या. पहिले चित्रपटगीत दत्ता डावजेकरांकडे, ‘माझं बाळ’ (१९४३) या मराठी चित्रपटासाठी. चरित्र, पुरस्कार आणि गीतसंख्येचा वाद हे विषय इथे घेतलेले नाहीत. प्रस्तुत नोंद एकाच प्रश्नापुरती आहे : संगीतकार बदलला की या गायिकेचा आवाज वेगळा ऐकू येतो, तो कशामुळे?

आवाज कसा ऐकू यावा हे ठरवण्याचे काम अमेरिकेतील सोल संगीतात रेकॉर्ड प्रोड्यूसरचे असते. गाणे, साथीदार, स्वरपट्टी आणि स्टुडिओ तोच ठरवतो. अरेथा फ्रँकलिन हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. कोलंबिया कंपनीत १९६० नंतरची काही वर्षे व्हायोलिनांच्या गर्दीत आणि जॅझच्या जुन्या गाण्यांत गेली. १९६७ मध्ये अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलरने तिला पियानोवर बसवले, अलाबामातील मसल शोल्सचे वादक दिले आणि तिचे नाव जगभर झाले. वेक्सलरने तिला आवाज दिला, असा निष्कर्ष यावरून सर्रास काढला जातो. तो चुकीचा आहे. डेट्रॉइटमधील वडिलांच्या चर्चमध्ये १९५६ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी तिने गायलेली भक्तिगीते ध्वनिमुद्रित आहेत आणि तो पुकार त्यांत पुरेपूर ऐकू येतो. प्रोड्यूसरने तो निर्माण केला नाही, त्याच्या वाटेतली अडगळ तेवढी दूर केली. आपल्याकडे हेच काम संगीतकार, अरेंजर आणि ध्वनिमुद्रक यांच्यात वाटलेले असते. श्रेय मात्र जवळजवळ सगळे संगीतकाराच्या नावावर जमा होते.

आशाबाईंच्या बाबतीत सर्वांत भक्कम पुरावा १९५७ या एका वर्षात सापडतो. ‘नया दौर’ आणि ‘तुमसा नहीं देखा’ ओ. पी. नय्यर यांचे, ‘पेइंग गेस्ट’ आणि ‘नौ दो ग्यारह’ सचिनदेव बर्मन यांचे. गळा तोच, वय तेच, ध्वनिमुद्रणाचे तंत्रही तेच : गायिका आणि वाद्यवृंद एकाच वेळी, एकाच दमात. तरी फरक स्पष्ट आहे. नय्यर यांच्याकडे ढोलक, टाळ्या आणि टांग्याच्या चालीचा ठेका ओळ घट्ट बांधून ठेवतात. आवाज मधल्या सप्तकात भरून, ठसक्यात येतो. सचिनदेव वाद्ये मागे घेतात आणि शब्दांच्या मध्ये जागा सोडतात. ‘पेइंग गेस्ट’मधील किशोरकुमारबरोबरचे द्वंद्वगीत आशाबाईंच्या एका लहानशा ‘आह’ने सुरू होते. तो उद्गार ठेक्यात बसवलेला नाही, ठेक्याच्या आधी हवेत सोडलेला आहे. नय्यर यांच्या बांधणीत त्याला जागाच मिळाली नसती.

राहुलदेव बर्मन ऊर्फ पंचम यांच्याकडे श्वास हेच वाद्य झाले. ‘तीसरी मंज़िल’ (१९६६) ही सुरुवात. ‘कारवां’ (१९७१) मधील हेलनवर चित्रित कॅबरे गीतात धापा लयीत मोजून टाकलेल्या आहेत. या ध्वनीमागे बासू चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि तालवाद्यांची बाजू सांभाळणारे मारुतीराव कीर हे सहायक होते. नय्यर यांच्या कितीतरी गाण्यांचे वाद्यसंयोजन गोव्याच्या सेबॅस्टियन डिसूझांचे. ‘नय्यरचा ठसका’ किंवा ‘पंचमचा ढंग’ म्हणताना ही नावे गळतात आणि संगीतकारबदलाची चर्चा अर्धीच राहते.

‘उमराव जान’ (१९८१) मधील बदल सर्वांत धाडसी. ख़य्याम यांनी आशाबाईंना नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली गायला लावले. सुमारे दीड सूर खाली, असे सांगितले जाते. त्या आधी नाखूश होत्या, खालच्या पट्टीतले ध्वनिमुद्रण ऐकल्यावर राजी झाल्या, अशीही हकिगत आहे. तपशील काहीही असो, परिणाम ध्वनिमुद्रिकेवर आहे. मंद्राकडे झुकलेल्या ओळींत आवाजाची धार बोथट होते, स्वर छातीतून येतो आणि शहरयार यांच्या उर्दू शब्दांतील व्यंजने संथपणे, पूर्ण उच्चारली जातात. सारंगी आणि सतार आवाजाभोवती राहतात, त्याला ढकलत नाहीत. या गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

यावर पहिला आक्षेप वयाचा. ४८व्या वर्षी आवाज खाली येणारच, त्यात ख़य्याम यांचे काय? पण १९९५ साली, साठी उलटल्यावर, ए. आर. रहमान यांच्या ‘रंगीला’त त्याच आशाबाई तरुण नायिकेसाठी उंच, हलक्या, उडत्या स्वरात गातात. तेव्हा १९८१ची पट्टी ही वयाने आणलेली अडचण नव्हती. ती निवड होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : आवाज संगीतकार ठरवत नाही, प्रसंग ठरवतो, तवायफ असेल तर तसे, कॅबरे असेल तर तसे. यात तथ्य आहे, पण पुरते नाही. ‘इजाज़त’ (१९८७) मध्ये राहुलदेवांनी गुलजारांच्या जवळजवळ गद्यासारख्या ओळींना चाल दिली. प्रसंग ‘कारवां’च्या अगदी उलट, एका दुरावलेल्या स्त्रीचा, तरीही श्वास ऐकू येऊ देण्याची सवय तीच. प्रसंग बदलून जे टिकते, ते संगीतकाराचे मानावे लागते.

चित्रपटाबाहेरचे मराठी भावगीत हा यापेक्षाही स्वच्छ पुरावा, कारण तिथे पात्रच नसते. सुधीर फडके यांच्याकडे (‘जगाच्या पाठीवर’, १९६०, हा चित्रपट असला तरी) शब्द आधी पोहोचतो. प्रत्येक अक्षर वेगळे लागते आणि हरकती शब्दार्थाच्या हद्दीत राहतात. हृदयनाथ मंगेशकर हे उस्ताद अमीर खाँ यांचे शिष्य. त्यांच्या चालीत स्वरांच्या लांब उड्या आहेत आणि ओळ अपेक्षित ठिकाणी संपत नाही. सुरेश भटांच्या गझला आशाबाईंनी या चालींत गायल्या तेव्हा कुठेही लाडिकपणा उरला नाही. ‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटातील भटांचे गीत तर जवळजवळ सभेसमोर उभे राहून गायल्यासारखे आहे. हा आवाज नय्यर यांनी कधी मागितला नाही. तो नव्हता असे मात्र म्हणता येत नाही, कारण दीनानाथांच्या घरातील नाट्यसंगीताचा फेकीचा स्वर त्यांच्या कानावर लहानपणापासून होता. अरेथाचे चर्च आणि आशाबाईंचे घर यांचे काम इथे सारखेच आहे. म्हणून संगीतकाराला आवाजाचा जनक म्हणणे अतिशयोक्ती होते. आवाजातला कोणता भाग कोणत्या वर्षी लोकांपुढे आला, हे मात्र त्याने ठरवले.

श्रीनिवास खळे, यशवंत देव : स्वतंत्र नोंदी.



आशाबाईंच्या गाण्यांच्या याद्या करणाऱ्यांनी यापुढे गीतकार आणि संगीतकार यांच्या जोडीला अरेंजर, ध्वनिमुद्रक आणि शक्य तिथे स्वरपट्टीही नोंदवावी.