कृष्णाकाठचा अल्पभूधारक शेतकरी : पीकशिक्षणाकडून व्यवहारशिक्षणाकडे

प्रस्तावना :
कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कराड व त्याभोवतीचा सातारा-सांगली जिल्ह्यांचा टापू महाराष्ट्राच्या सहकारी चळवळीत अग्रेसर मानला जातो. येथील शेतकऱ्यास नवे अवजार, पाणी, कर्ज व कारखाना ही साधने क्रमाने मिळत गेली. मात्र शेतीचा हिशेब व बाजाराचा व्यवहार यांचे शिक्षण त्या मानाने मागे राहिले. या अंतराचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कर्ज आणि हिशेब :
१८७५ च्या दख्खनमधील दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या कागदपत्रांवर होता. त्यानंतर १८७९ मध्ये झालेला शेतकरी कर्जनिवारण कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झाला. कर्जदारास पावती व खात्याचा उतारा मिळावा, अशी तरतूद त्यात होती. म्हणजेच स्वतःचे खाते न समजणे हेही शेतकऱ्याच्या दैन्याचे एक कारण आहे, हे सरकारने मान्य केले. परंतु उतारा हाती आला तरी तो वाचता येण्याची सोय कायद्याने झाली नाही. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने सावकारास पर्याय दिला.

अवजार आणि प्रसार :
लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे तयार केलेल्या लोखंडी नांगरास प्रारंभी गिऱ्हाईक मिळेना; लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत होती. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि नांगराचा प्रसार वाढला. येथे शेतकरी नवे तंत्र शिकला, पण व्यवहारात त्याची भूमिका खरेदीदाराचीच राहिली.

सहकारी कारखानदारी :
कूळकायदा व कोयना प्रकल्प यांनी स्वातंत्र्योत्तर काळात या भागाचे रूप पालटले. सांगलीत वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने, तसेच रेठरे बुद्रुक येथे 'कृष्णा' व यशवंतनगर येथे 'सह्याद्री' असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. अल्पभूधारक प्रथमच उद्योगाचा भागधारक झाला. उसाची जात, लागणीची नोंद व तोडणीचा क्रम यांविषयी कारखान्याचे शेतकी खाते मार्गदर्शन करी. तथापि सोसायटीचे कर्ज व इतर येणे वळते होऊन उरलेली बिलाची रक्कम सभासदाच्या हाती पडे. साखरेचा उतारा, प्रक्रियाखर्च व ताळेबंद हे विषय बहुतांशी संचालक व कचेरीपुरते राहिले. मालकी आली, पण तिच्यासोबत कारभाराचे ज्ञान आपोआप आले नाही.

उत्पादनखर्चाचा प्रश्न :
१९८० मध्ये शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने कांदा व उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात आंदोलन केले. कौशल्य वाढवूनही भाव न मिळाल्यास शेतकरी कर्जातच राहतो, हा त्यांचा युक्तिवाद दुर्लक्षिता येत नाही. मात्र भाव मागण्यासाठी उत्पादनखर्च मांडावा लागतो. त्या अर्थाने ही चळवळसुद्धा हिशेबाची शाळाच ठरली.

उत्पादक कंपनी :
२००३ मध्ये अमलात आलेल्या कंपनी कायद्यातील दुरुस्तीने किमान दहा उत्पादकांना एकत्र येऊन कंपनी स्थापण्याची मुभा मिळाली. २००५ नंतर 'आत्मा' यंत्रणेने शेतकरी गट व शेतीशाळा यांना चालना दिली. २०२० मध्ये राज्यात 'स्मार्ट' प्रकल्प सुरू झाला. प्रतवारी, साठवण, प्रकल्प अहवाल व विक्रीकरार हे विषय आता प्रशिक्षणात आले. त्यांची निकड आकड्यांवरून दिसते. कृषिगणनेनुसार राज्यातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. एवढ्या क्षेत्राचा माल एकट्याने बाजारात नेऊन भावाची घासाघीस करणे परवडत नाही.

समारोप :
कृष्णाकाठचा अनुभव असे दर्शवितो की, संस्था उभारणे आणि सभासद घडविणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. पहिल्यात या भागाने मोठे यश मिळविले. उत्पादक कंपन्यांतही हिशेब मोजक्या संचालकांनाच कळत राहिला, तर कारखानदारीतील उणीव नव्या नावाने चालू राहील. म्हणून व्यवहारशिक्षण पदाधिकाऱ्यांच्या वर्गापुरते न ठेवता, वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारू शकणारा सामान्य सभासद हे त्याचे उद्दिष्ट असावे.