केनी वॉशिंग्टन : मैदान कुणाचं?

आपल्यापैकी बहुतेकांची अमेरिकन फुटबॉलशी ओळख मुलांमुळे झाली. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला सुरुवातीला तो खेळ म्हणजे नुसती ढकलाढकली वाटते. मग पोरगा शेजारी बसून नियम समजावतो आणि दोन-तीन मोसमांत आपणही टीव्हीपुढे ओरडायला लागतो. माझंही तसंच झालं. खेळ कळू लागल्यावर त्याच्या इतिहासाची गोडी लागली आणि त्या वाचनात एक नाव भेटलं, केनी वॉशिंग्टन. माणूस आमच्या लॉस एंजलिसचा, पण इतक्या वर्षांत त्याचं नाव ना ऑफिसात कुणी काढलं होतं, ना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी.

जॅकी रॉबिन्सन सगळ्यांना ठाऊक असतो. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मोठ्या बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पडली. आपली मुलं शाळेत त्याच्यावर निबंध लिहितात. पण त्याच्या वर्षभर आधी, २१ मार्च १९४६ रोजी, त्याच्याच कॉलेजच्या फुटबॉल संघातल्या केनीने लॉस एंजलिस रॅम्सशी करार केला होता. एन.एफ.एल. या व्यावसायिक लीगमध्ये १९३३ च्या मोसमानंतर एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. गंमत म्हणजे तसा लेखी नियम कुठेच नव्हता. संघमालकांनी आपसात न बोलता पाळलेला तो संकेत होता, आणि असे संकेत मोडणं कायदा मोडण्यापेक्षा अवघड असतं. कारण विचारायला जावं तर प्रत्येक जण म्हणतो, ‘आमच्याकडे तसं काही नाही बुवा.’

केनीचा जन्म ३१ ऑगस्ट १९१८ चा. वडील एडगर ऊर्फ ‘ब्लू’ वॉशिंग्टन कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये बेसबॉल खेळले आणि पुढे सिनेमांत छोटी कामं करत राहिले. पोराला वाढवलं ते आजीने आणि पोलिसात असलेल्या रॉकीकाकाने. घर लिंकन हाइट्समध्ये, इटालियन वस्तीत. लिंकन हायस्कूलमध्ये त्याने दोन्ही खेळ गाजवले आणि यू.सी.एल.ए.त गेल्यावरही फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही धरून ठेवले.

बेसबॉलमध्ये फलंदाजाची सरासरी .३०० असली की लोक टोपी काढतात. केनीच्या नावावर एका मोसमात .४५४ अशी नोंद सांगितली जाते. तुलनेसाठी, रॉबिन्सनची यू.सी.एल.ए.तली सरासरी होती .०९७! दोघांना खेळताना पाहिलेले अनेक जण बेसबॉलमध्येही केनीलाच उजवं मानत.

पण खरा केनी दिसला तो फुटबॉलमध्ये. आज चेंडू फेकणारा वेगळा, पळणारा वेगळा, बचाव करणारे तर सगळेच वेगळे. त्या काळी तसं नव्हतं. केनी चेंडू घेऊन पळे, लांब पास टाके आणि चेंडू प्रतिपक्षाकडे गेला की बचावालाही तोच उभा. १९३९ च्या मोसमात शक्य असलेल्या ६०० मिनिटांपैकी ५८० मिनिटं तो मैदानावर होता आणि आक्रमणात १,३७० यार्ड मिळवून देशात पहिला आला. त्याच संघात रॉबिन्सन, वूडी स्ट्रोड आणि रे बार्टलेट असे आणखी तीन कृष्णवर्णीय खेळाडू होते. मोठ्या विद्यापीठांत एखादाही दुर्मीळ असण्याच्या काळात ही मोठीच गोष्ट. (स्ट्रोडचा चेहरा तुमच्या ओळखीचा असेल. १९६० च्या ‘स्पार्टाकस’मध्ये कर्क डग्लसशी आखाड्यात लढणारा त्रिशूळधारी तोच.)

त्या मोसमाची अखेर यू.एस.सी.विरुद्ध झाली, कोलिसियम स्टेडियममध्ये, एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर. जिंकले असते तर थेट रोझ बोल. शेवटी शेवटी यू.सी.एल.ए. गोलरेषेच्या अगदी तोंडाशी पोचली, पण चौथ्या प्रयत्नात किक मारण्याऐवजी पास टाकला आणि तो अडवला गेला. सामना शून्य-शून्य. केनी मैदानाबाहेर निघाला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं. पण अखिल अमेरिकन संघ जाहीर झाले तेव्हा त्याचं नाव दुसऱ्या फळीत होतं.

१९४० च्या उन्हाळ्यात शिकागोत कॉलेजवीरांचा सामना व्यावसायिक विजेत्या ग्रीन बे पॅकर्सशी झाला. केनीने त्यात टचडाऊन केला. शिकागो बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस यांनी त्याला थांबवून घेतलं, इतर मालकांशी बोलून पाहतो म्हणाले आणि काही दिवसांनी ‘जमत नाही’ असं सांगून घरी पाठवलं, असं सांगतात. बाविशीतला, अंगात मस्ती असलेला खेळाडू परत फिरला आणि पुढची वर्षं हॉलिवूड बेअर्स या पश्चिम किनाऱ्यावरच्या छोट्या लीगमधल्या संघाकडून खेळला. स्थानिक लोक गर्दी करत, पैसेही बरे मिळत. पण गुडघे तिथेच गेले. अनेकदा शस्त्रक्रिया झाल्या. माझ्या मते या कथेतलं खरं नुकसान ते हेच. एन.एफ.एल.ने त्याची उमेदीची वर्षं बाहेर घालवली आणि उरलेला माणूस आत घेतला.

आत घेतला तोही का, ते पाहण्यासारखं आहे. १९४५ चे विजेते क्लीव्हलँड रॅम्स १९४६ मध्ये लॉस एंजलिसला यायला निघाले. त्यांना कोलिसियम हवं होतं. आपण गणपतीसाठी शाळेचा हॉल मागतो तेव्हा भाड्याच्या करारावर कसे नियम छापलेले असतात, ते आठवा. जागा लोकांच्या करातून बांधलेली, तेव्हा वापर सर्वांना खुला हवा. कोलिसियमही सार्वजनिक मालकीचं. जानेवारी १९४६ मध्ये कोलिसियम कमिशनची बैठक झाली, तिथे कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांचे क्रीडा-पत्रकार हजर राहिले. ‘लॉस एंजलिस ट्रिब्यून’चे हॅली हार्डिंग बोलायला उठले. कर आम्हीही भरतो, मग आमच्या पोरांना वगळणाऱ्या संघाला हे मैदान कसं देता, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांनी केनीचं उदाहरण दिलं. रॅम्सचे प्रतिनिधी चिली वॉल्श यांनी आमच्यात तसा नियम नाही, असं सांगितलं. झालं! नियम नाही ना, मग घ्या केनीला. दोन महिन्यांत करार झाला. केनीबरोबर प्रवासात राहायला सोबत हवी म्हणून मे महिन्यात स्ट्रोडलाही घेतलं.

हार्डिंग यांचं नाव आज कुठल्या पाठ्यपुस्तकात मला दिसलं नाही. खरं तर गुण केनीचे होते, पण दार उघडलं ते या माणसाने, आणि तेही घोषणा न देता, भाडेकराराचं कलम पकडून.

आत गेल्यावर सुख होतं असं नाही. शिकागोत संघाच्या हॉटेलने या दोघांना जागा नाकारली. त्यांना पैसे देऊन दुसरीकडे पाठवलं. मैदानावर पाडापाडी झाल्यावर जाणूनबुजून दुखापत करणारे होतेच. स्ट्रोड एका मोसमानंतर बाहेर पडला आणि पुढे आयुष्यभर त्या वर्षाबद्दल कडवटपणे बोलत राहिला.

केनी तीन मोसम टिकला. १९४७ मध्ये, दुखऱ्या गुडघ्यांनी, त्याने ६० वेळा चेंडू नेला आणि ४४४ यार्ड काढले, म्हणजे दर वेळी सरासरी ७.४. त्या बाबतीत तो लीगमध्ये पहिला होता. शिकागो कार्डिनल्सविरुद्ध तो सलग ९२ यार्ड पळाला आणि ती रॅम्सच्या इतिहासातली सर्वात लांब धाव ठरली. डिसेंबर १९४८ मध्ये तो निवृत्त झाला. १९५० मध्ये, एकतिसाव्या वर्षी, त्याने न्यूयॉर्क जायंट्सकडे बेसबॉलसाठी चाचणी देऊन पाहिली. पण दहा वर्षं उशीर झाला होता. कॉलेज फुटबॉलच्या मानकऱ्यांत १९५६ साली त्याची निवड झाली. व्यावसायिक फुटबॉलच्या मानकऱ्यांत मात्र अनेक दशकं त्याचं नाव लागलं नाही. तीन मोसमांचे आकडे कमी पडतात म्हणे!

राजधानीतल्या संघाने तर १९६२ पर्यंत तग धरला. मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेत नसत. पण त्यांना नवं स्टेडियम हवं होतं, आणि ते होतं केंद्र सरकारच्या जमिनीवर. केनेडींच्या मंत्रिमंडळातले स्ट्युअर्ट युडॉल यांनी १९६१ मध्ये बजावलं की भेदभाव चालू राहिला तर मैदान मिळणार नाही. म्हणजे पंधरा वर्षांनी पुन्हा तोच जानेवारी १९४६ मधला प्रश्न. पुढच्या मोसमात बॉबी मिशेल वॉशिंग्टनकडून खेळला. आणखी तीन वर्षांनी, १९६५ मध्ये, आपल्यासाठीही या देशाचा दरवाजा उघडणारा कायदा झाला.

केनी २४ जून १९७१ रोजी बावन्नाव्या वर्षी वारला. त्याचा १३ हा आकडा यू.सी.एल.ए.ने त्याच्यानंतर कुणाच्या पाठीवर घातला नाही.