कुहीचा मे महिना आणि भाभांचं गणित

मे महिन्यात कुहीला पारा ४५ च्या आसपास गेला की गच्चीवरची टाकी उकळते, कूलर नुसती गरम हवा फेकतो आणि आकाशातून येणारे म्यूऑन किंचित कमी होतात. शेवटची गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही, पण १९३८ साली तिच्यावर बरंच काही अडलं होतं.

कारण किरणोत्साराला थंडी-उन्हाचं सोयरसुतक नसतं. १९१३ मध्ये मेरी क्यूरी आणि कामरलिंग ओन्नेस यांनी रेडियम द्रवरूप हायड्रोजनच्या थंडीत, म्हणजे उणे २५० अंशांच्या आसपास नेऊन पाहिलं. ढिम्म फरक नाही! मग उन्हाळ्यात वैश्विक किरण कमी का भरतात? फरक बारीक, अंशामागे अर्ध्या टक्क्याच्याही आत, पण पक्का.

ब्लॅकेट यांनी १९३८ मध्ये उत्तर दिलं. हवा तापली की फुगते, त्यामुळे म्यूऑन जन्मतात ती पातळी वर सरकते. घड्याळ तेच, रस्ता लांबला. जास्त कण वाटेतच संपतात. म्हणजे हा कण अल्पायुषी आहे याचा पुरावा हवामानातच होता. त्याला विघटित होताना तोवर कुणी पाहिलंही नव्हतं!

आता गंमत बघा. म्यूऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने पळाला तरी ६६० मीटरात खेळ खलास, आणि जन्म तर साधारण १५ किलोमीटर वर. मग तो कुहीपर्यंत पोचतो कसा? त्याच वर्षी केंब्रिजमधल्या २८ वर्षांच्या होमी भाभांनी 'नेचर'मध्ये लिहिलं होतं की सापेक्षतेनुसार पळत्या कणाचं आयुष्य आपल्याला लांबलेलं दिसेल. (आपल्याकडे भाभा म्हणजे तुर्भे आणि अणुभट्टी. हे काम फारसं कुणी सांगत नाही. असो.)

जमिनीत खोल गेलात तर मात्र सगळं उलटं. तिथे फक्त दांडगे म्यूऑन पोचतात. त्यांचा जनक पायॉन. तो एकतर हवेतल्या अणुकेंद्रांवर आदळतो, नाहीतर विघटित होऊन म्यूऑन देतो. तापलेली हवा विरळ, टकरी कमी, म्हणून म्यूऑन जास्त! अमेरिकेतल्या मिनेसोटात जुन्या लोखंडाच्या खाणीत, सुमारे ७०० मीटर खाली, मिनॉस नावाचा प्रयोग होता. त्यांनी २००९ मध्ये दाखवलं की स्ट्रॅटोस्फिअर हिवाळ्यात अचानक तापतं तेव्हा खाणीतली म्यूऑनची मोजणीही वाढते.