रक्ताचे जोते

सोयऱ्याला रक्त द्यायची वेळ आली म्हणजे आपण चटकन काय म्हणतो? "माझं घ्या, माझा गट ओ आहे. ओ कुणालाही चालतं." हे बोलणे बहुतेक खरे आहे, पण पुरते खरे नाही. ही गोष्ट १९५२ साली मुंबईच्या डॉक्टरांनी जगाला दाखवून दिली.

रक्ताचे गट असतात, हे व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टाइनर यांनी १९०१ साली मांडले. पुढे पन्नास वर्षांनी डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईत तिघांचे रक्त विलक्षण आढळले. तपासणीत ते ओ दिसे, पण ओ गटाचे रक्तही त्याशी जुळेना. मिसळले की गुठळ्या होत! लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात हा शोध छापून आला आणि या गटाला साऱ्या जगात 'बॉम्बे रक्तगट' हे नाव पडले.

असे का व्हावे? घर बांधताना आधी जोते, मग भिंत. तांबड्या पेशीवर साखरेच्या कणांची बारीक साखळी असते. तिला 'एच' म्हणतात. हे झाले जोते. त्यावर ए किंवा बी ची भिंत चढते. ओ गटात नुसते जोते असते. बॉम्बे गटात जोतेच नाही! मग बापाकडून बी आला तरी तो उभा कशावर राहणार? हे जोते घालणारे जनुकच बिघडलेले असते, हे १९९४ साली उलगडले.

ज्या शरीराने 'एच' कधी पाहिला नाही, ते त्याला शत्रू मानते. म्हणून अशा माणसाला ओ रक्त दिले तर जीव जाऊ शकतो. एरवी माणूस ठणठणीत असतो, बरं का!

हा बिघाड आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे आहेच. अशा नात्यातल्या लग्नांत हा संभव वाढतो. आणि बाळाचा गट आईबापांशी जुळला नाही, म्हणून सुनेवर संशय घेण्याआधी हे जोते आठवा.

उद्या जिंतूरच्या किंवा गंगाखेडच्या एखाद्या बाळंतिणीला रक्त लागले, तर गट सांगून थांबू नका. दात्याचे आणि रोग्याचे रक्त एकमेकांशी जुळवून पाहूनच द्यायचे असते. त्या वेळात घाई करू नका. गट बॉम्बे निघाला, तर आधी सख्ख्या भावंडांचे रक्त तपासा. चौघांत एकाचे जुळण्याचा संभव असतो. गुरुजींनी हे वर्गात जरूर सांगावे.