निष्काम सेवा आणि कायद्याचे संरक्षण

काही वर्षांपूर्वी उत्तर भारतातील एका जिल्ह्यात मी निवडणुकीच्या कामावर होतो. मतदानकेंद्रावर नेमलेला एक होमगार्ड मला म्हणाला, "साहेब, हातात काठी असते तोवर मी पोलीस, आणि पैशाचा प्रश्न निघाला की मी स्वयंसेवक. हे कसे?" त्यावेळी माझ्यापाशी नीटसे उत्तर नव्हते. ते शोधताना जो इतिहास समोर आला, तो येथे मांडीत आहे.

होमगार्ड संघटनेचा जन्म मुंबईचा. डिसेंबर १९४६ मध्ये, जातीय दंगलींच्या दिवसांत, पोलिसांना साहाय्य म्हणून मुंबई प्रांतात नागरिकांचे हे दल उभे राहिले. मोरारजी देसाई तेव्हा प्रांताचे गृहमंत्री होते. पाठोपाठ मुंबई होमगार्ड्स कायदा, १९४७ आला. कर्तव्यासाठी पाचारण केलेल्या होमगार्डला पोलीस अधिकाऱ्याचे अधिकार, सवलती व संरक्षण मिळेल, अशी तरतूद त्यात होती. म्हणजे संरक्षण होते; पण ते पाचारण केल्यापुरते.

उपजीविकेचा विचार मात्र त्यात नव्हता, आणि त्याचे कारणही उघड आहे. हा माणूस आपले दुकान, शेती किंवा नोकरी सांभाळून गरजेपुरता येईल, हे गृहीतच होते. संघटनेचे ब्रीदवाक्यही 'निष्काम सेवा' असेच आहे.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर केंद्राने राज्यांना आपापल्या स्वयंसेवी संघटना एकत्र करून होमगार्ड हे एकच दल उभारण्याचा सल्ला दिला. दल देशभर पसरले आणि हळूहळू त्याचा उपयोग बदलला. वाहतूक, यात्रा, निवडणुका, पहारा अशी नित्याची कामे त्याच्याकडे आली. पोलिसांची पदे रिकामी राहिली की होमगार्ड बोलावणे प्रशासनाला सोयीचे वाटे. अनेकांची ती एकमेव मिळकत झाली. व्यवहार बदलला, 'स्वयंसेवक' हा शब्द तेवढा तसाच राहिला.

हिमाचल प्रदेश, पंजाब व दिल्ली येथील होमगार्डांची प्रकरणे अखेर सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. मार्च २०१५ च्या निकालात न्यायालयाने त्यांना सेवेत कायम करण्याची मागणी नाकारली. दल स्वयंसेवीच आहे, असे म्हटले. पण पोलिसांचे काम व अधिकार ज्यांना दिले जातात, त्यांचा महिन्याभराचा कर्तव्यभत्ता पोलिसाच्या किमान वेतनाइतका भरेल अशा दराने द्यावा, असा आदेशही राज्यांना दिला. नाव स्वयंसेवकाचे राहिले, मोल मात्र कामाचे ठरले.

असाच प्रवास अंगणवाडी सेविकांचा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून त्या 'मानसेवी' आणि त्यांना मिळते ते 'मानधन'. त्या शासकीय पद धारण करीत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले होते. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातेतील दाहोद जिल्ह्याच्या प्रकरणात न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक यांनी प्रश्न वेगळ्या बाजूने तपासला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने या सेविकांवर कायदेशीर कर्तव्ये आली आहेत; त्यांचे मानधन हे वेतनच आहे; सबब १९७२ च्या कायद्यानुसार त्या उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र आहेत, असा तो निकाल.

आपण कोणत्याही राज्यात राहात असा, आपत्तीत, बंदोबस्तात वा सरकारी मोहिमेत स्वयंसेवक म्हणून उतरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. माझी नेमणूक कोणत्या कायद्याखाली आहे? पाचारणाचा लेखी आदेश आहे काय? इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार? यांतला दुसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण पाचारणाशी बांधलेले संरक्षण सिद्ध करण्याचा आधार तोच कागद असतो. तोंडी हुकमावर निघालेला स्वयंसेवक अपघातानंतर एकटा पडू शकतो.

माझ्या सहकारी अधिकाऱ्यांना एवढेच सांगणे, की निष्काम राहण्याचा अधिकार सेवा देणाऱ्याचा आहे. सेवा घेणाऱ्या शासनाला तो शब्द आपल्या सोयीसाठी वापरता येणार नाही. त्या होमगार्डला आज मी हेच उत्तर दिले असते.